कुंकवाखालचा दिवा

अन्याय झाला तो वासंती मॅडमवर. गेल्या वर्षी, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दुपारी चार वाजता. वेळ पक्की सांगते, कारण आमच्या खाडीकाठच्या कॉलेजातला शिपाई सूचनाफलकावर टाचण्या टोचत होता तेव्हा मी त्याच्या मागेच उभी होते आणि फलकाच्या वर घड्याळ आहे. नोटीस अशी होती : ‘संगणक विभागाच्या तंत्रज्ञ श्रीमती वासंती यांच्या निष्काळजीपणामुळे संस्थेचा सर्व्हर निकामी झाला असून, लेखी माफीनामा सादर करेपर्यंत त्यांना कामावरून दूर करण्यात येत आहे.’ त्यात खरं काय होतं? सर्व्हर निकामी झाला हे खरं, आणि खालची संस्थेच्या सचिवांची सही खरी. बाकी सगळं खोटं.

ती नोटीस अजून तिथेच आहे. एक पावसाळा तिच्यावरून गेला, कागदाला ओल धरली, कडा वळल्या, टाचण्या गंजल्या. काढलेली मात्र नाही. तिच्यासमोरून रोज पोरं वर्गात जातात आणि त्यांतली निम्मी ज्या बाईचं नाव वाचतात तिला त्यांनी कधी पाहिलेलंही नाही. म्हणून ती बाई कोण होती ते आधी सांगते.

सगळं कॉलेज त्यांना थांबा मॅडम म्हणायचं. सर्व्हरच्या खोलीच्या दारात पाऊल टाकलं की आतून आवाज यायचाच, “थांबा!” प्राचार्य असोत, शिपाई असो, नाहीतर पाण्याचा जार घेऊन आलेला माणूस असो. तुम्ही थांबायचं, चपला बाहेर काढायच्या, नायलॉनची ओढणी असेल तर ती खिळ्याला टांगायची, आणि मग आत यायचं. आत आल्यावर पहिलं काम म्हणजे हात मशीनच्या उघड्या पत्र्याला लावायचा. त्या स्वतः तर रोज तसं करायच्या. देवळात शिरताना आपण घंटेकडे हात नेतो तितक्या सवयीने त्यांचा हात त्या पत्र्याकडे जायचा. अंगात साठलेली वीज आपल्याला जाणवतही नाही, पण आतल्या बारीक भागांना ती मारून टाकते, हे त्यांनी मला नंतर समजावलं. कॉलेजात मात्र बोलवा होती की मॅडमला कुणीतरी लोखंडाचा उतारा सांगितला आहे.

मॅडम दिवेआगरच्या. नारळी-पोफळीची वाडी, ती बघणारा नवरा, करड्या आवाजाच्या सासूबाई, आणि वादळात छप्पर उडाल्यावर घातलेले निळे पत्रे. आठवडाभर त्या कॉलेजजवळ खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी दुपारी निघायच्या. एसटीने अलिबाग, मुरूड, आगरदांडा, तिथून लाँचने पलीकडे दिघी आणि मग घर. “खाडी ओलांडल्याशिवाय माझा रविवार सुरू होत नाही,” म्हणायच्या. बारा वर्षं हे चाललं होतं.

मी कॉलेजची कुणी नाही, मोर्चे काढणारी; त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती भांडायलाच. आमचं घर मिठागरवाल्यांचं. माझ्या बयचा, म्हणजे आईचा, सगळा जन्म आगरात गेला. आगराची जमीन आता घेतली जाते आहे. ज्यांच्या नावावर काही नाही पण ज्यांनी तिथे पिढ्यान् पिढ्या मीठ ओढलं, त्यांची नावं भरपाईच्या यादीत घालायची नाहीत, असा घाट होता. पुरावा द्या म्हणाले. आम्ही घरोघर फिरून जुने कागद गोळा केले. शाळेचे दाखले, ज्यांवर बापाचा धंदा ‘मिठागर मजूर’ लिहिला आहे. हजेरीचे फाटके तुकडे. आगराच्या बांधावर काढलेले लग्नाचे फोटो. सचिवांनी ते सगळे कॉलेजात स्कॅन करून ठेवायची परवानगी दिली, कारण त्या कामाच्या उद्घाटनाला फोटो निघणार होता. फोटो निघाला. पुढे दोन महिने आमची पिशवी एका कपाटावर धूळ खात पडली. मी तणतणत सर्व्हरच्या खोलीत घुसले.

“थांबा!”

“दोन महिने थांबलेय मी! आता नाही थांबणार!”

“मग चपला घालूनच भांडा, पण उंबऱ्याच्या बाहेर,” मॅडम म्हणाल्या. मान वर केली नव्हती. “आत यायचं असेल तर चपला काढा. पिशवी आणा. आजपासून रोज चार ते सहा, तुम्ही कागद लावायचे, मी स्कॅन करेन. आणि ते हातातलं पत्रक इथे चिकटवू नका, डिंकाची पूड उडते.”

त्या दिवसापासून मी त्यांची ‘पत्रकबाई’ झाले. “काय पत्रकबाई, आज कोण मुर्दाबाद?” हे रोजचं स्वागत. मी चिडले की म्हणायच्या, “ओरड गं, ओरडायलाच हवं. पण ओरडण्याआधी कागद दोनदा वाच.”

स्कॅन वाढत गेले तसं मशीन दमायला लागलं. मॅडमनी अर्ज करून करून नवी मेमरी मिळवली. मेमरी म्हणजे बोटभर लांबीच्या हिरव्या पट्ट्या. त्या बसवायच्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. आधी हातातल्या काचेच्या बांगड्या काढल्या, मग मंगळसूत्र, आणि दोन्ही दाराच्या खिळ्याला अडकवलं. वाचनालयातल्या बाई डोकावून गेल्या. “अहो, सवाष्णीने असं काढून टांगू नये हो,” म्हणाल्या.

“नवरा स्वतःची काळजी घेतो,” मॅडम म्हणाल्या. “ह्या बोर्डाची मलाच घ्यायला हवी. बांगडी पिचून तुकडा आत पडला, तर तुमच्या वाचनालयाची सगळी पुस्तकं ह्यातून गायब होतील. मग कुणाला नावं ठेवाल?”

सर्व्हर म्हणजे आमच्या कॉलेजचा सामाईक रांजण. सगळे संगणक त्यातूनच पाणी भरतात. तो बंद करायचा तर प्रत्येक विभागाला आदल्या दिवशी चिठ्ठी गेलेली असायची. मशीन नीट बंद झालं की मॅडम त्याच्या मागे जायच्या. “बघ, ह्याला वायरी दोन. एक काढली की माणसाला वाटतं झालं काम. दुसरी चालूच असते. आपल्या सचिवांसारखी, पुढून बंद, मागून चालू.” दोन्ही काढल्यावर त्या चालूचं बटण दाबून धरायच्या, आत उरलेली वीज जावी म्हणून, आणि मग मोठ्याने शंभरपर्यंत आकडे मोजायच्या. मी म्हटलं, मॅडम, शंभर कशाला? “वीसच पुरे असतात. बाकीचे ऐंशी माझ्या घाईसाठी.”

मनगटाला पट्टा, त्याची चिमटी मशीनच्या पत्र्याला. झाकण उघडण्याआधी एक फोटो, उघडल्यावर दुसरा. काढलेले स्क्रू मसाल्याच्या डब्यात. खरोखरचा स्टीलचा मसाल्याचा डबा, सात वाट्यांचा. मोहरीच्या वाटीत झाकणाचे स्क्रू, जिऱ्याच्या वाटीत पंख्याचे, हळदीची वाटी कायम रिकामी. “ती कशाला रिकामी?” “शेवटी एखादा स्क्रू उरलाच तर तिथे ठेवायचा आणि पहिल्यापासून परत उघडायचं. बारा वर्षांत तिच्यात काही पडलेलं नाही.”

मग पट्टी त्यांनी माझ्या हातात दिली. मी घाबरले. “कडेने धर. सोनेरी दातांना बोट लावू नको, आपल्याकडचा खारा वारा आधीच त्यांना खातो, त्यात तुझा घाम नको.” मी पट्टी खाचेवर ठेवली, दाबली. बसेना. अजून दाबली. त्यांनी माझं मनगट धरलं. “थांब. बसत नाही म्हणजे उलटी आहे. नीट असेल तर ती स्वतःच जागा शोधते. जोर कधी लावतात माहीत आहे? चूक झाकायची घाई असते तेव्हा.” मी पट्टी फिरवली. दोन्ही टोकांच्या कड्या टक्, टक् करून बसल्या. इतकं समाधान मला कुठल्या मोर्च्यात मिळालेलं नव्हतं.

काम झालं की वही. लाल कापडी पाठीची, लांबट. काय काढलं, काय घातलं, का, कुणी. खाली स्वतःची सही, आणि मोठं काम असेल तर सचिवांचीही. सचिव कुरकुरायचे, “वासंतीबाई, ही काय पोलीस चौकी आहे का?” “नाही साहेब, चौकीत नंतर लिहितात. मी आधी लिहिते.” ही वही लक्षात ठेवा. मी तिच्याकडे परत येणार आहे.

एकदा मी बयला तिथे घेऊन गेले. तिचे कागद कुठे ठेवलेत ते तिला बघायचं होतं. बय दारातच थांबली, न सांगता. मॅडमनी तिचा हात धरून पत्र्याला लावला. बय हसली. “आगरान उतरताना आमी बी आधी पाय धुताव. आपली घाण मिठात नको.” मग मॅडमनी तिला समोरच्या जाळीमागे ओळीने बसलेल्या चार डिस्का दाखवल्या. म्हणाल्या, चौघी मिळून सगळे कागद सांभाळतात. एक मेली तर तिच्यासमोरचा छोटा दिवा केशरी होतो. उरलेल्या तिघी भार पेलतात, तेवढ्यात नवी बसवायची. दोन गेल्या तर सगळं संपलं.

बय म्हणाली, “म्हंजे आमचा बांधच हाय. एक खांड गेली त बुजवाला येते. दुसरी गेली का दर्या आत.”

“आजी,” मॅडम म्हणाल्या, “हे मला कॉलेजात शिकवणाऱ्यांना इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं.”

आता खंडेनवमीचं. आपल्याकडे हत्यारांची पूजा होते, मग ती कोयती असो, ट्रक असो, नाहीतर झेरॉक्स मशीन. सर्व्हरचीही व्हायची. मॅडम देवधर्माच्या विरोधात कधीच नव्हत्या. उलट त्यांनीच त्यावर तोड काढली होती. जुना, मेलेला एक सर्व्हर होता, त्याचं रिकामं खोकं त्यांनी खोलीबाहेर टेबलावर ठेवलं होतं. दर वर्षी त्या खोक्याला हळद, कुंकू, झेंडूचा हार, उदबत्ती, पेढा. “हा ह्याचा थोरला भाऊ. ह्याची पूजा धाकट्याला पोहोचते,” म्हणायच्या. शिपाई गजाकाका भक्तिभावाने नारळ फोडायचे तोही त्याच टेबलाजवळ, पाणी आत उडू नये इतक्या अंतरावर. सगळ्यांचं समाधान, आणि धाकट्याला धुराचा कणही नाही.

गेल्या वर्षी संस्थेत तपासणी येणार म्हणून सचिवांनी कॉलेज आवरायला घेतलं. ‘भंगार’ म्हणून जे ट्रकमध्ये गेलं त्यात ते खोकंही गेलं. मॅडम म्हणाल्या होत्या, ते राहू द्या. सचिव हसले होते. “वासंतीबाई, रिकामा पत्रा कशाला हवा?”

नवरात्रात सासूबाई आजारी पडल्या आणि मॅडम नवमीच्या आदल्या दिवशी रजा घेऊन घरी गेल्या. नवमीला गजाकाका पूजेचं ताट घेऊन आले. बघतात तर टेबल रिकामं. त्यांनी सचिवांना विचारलं. सचिव म्हणाले, “आत मशीन आहे ना? त्याचीच करा.” गजाकाकांनी केली, मनापासून केली. पुढच्या जाळीवर झेंडूचा जाडजूड हार आडवा बांधला. चारी डिस्कांना बोटाने हळद, त्यावर कुंकू. उदबत्ती लावली, दार ओढून घेतलं. पुढे सगळे दिवस सुट्टी.

त्या जाळीतून मशीन श्वास घेतं. बंद खोलीत, हाराआडून, ते दिवसचे दिवस धापा टाकत होतं.

कोजागिरीच्या दिवशी, सोमवारी सकाळी मॅडम आल्या. मी तिथेच होते, कारण गुरुवारी आमची सुनावणी होती आणि शेवटच्या याद्या छापायच्या होत्या. दार उघडल्याबरोबर गरम झेंडूचा आंबूस वास आला आणि मशीनचं टीं टीं ऐकू आलं. मॅडमनी पत्र्याला हात लावला आणि लगेच मागे घेतला, चटका बसला म्हणून. हार सोडला, गुंडाळला, गजाकाकांच्या हातात दिला. गजाकाकांचा चेहरा उतरला. “मॅडम, काय चुकला का?”

“तुमचं नाही, काका. तुमचा देव भंगारात घातलाय कुणीतरी.”

संगणकावर त्यांनी तपासलं. तिसरी डिस्क गेली होती. उरलेल्या तिघींवर सगळं उभं होतं. त्यांनी नवी डिस्क मागवली. ती दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने यायची होती. डिस्कांवरचं कुंकू पुसायला त्या गेल्या आणि थांबल्या. ते तेलात कालवलेलं होतं, पुसताना आत ढकललं जाईल, नवी डिस्क बसवताना मशीन बंद करूनच साफ करू, असं म्हणाल्या. मग वहीत लिहिलं : ‘हारामुळे हवा अडली. तिसरी डिस्क गेली. नवी उद्या. तोपर्यंत कुणीही हात लावू नये.’ सचिवांकडे वही नेली. सचिव फोनवर बोलत होते, बोलता बोलता सही केली. मी दाराशी उभी राहून पाहिली. शिवाय मॅडमनी मशीनवर जाड अक्षरात कागद चिकटवला. एकच शब्द. थांबा.

मंगळवारी सकाळी मॅडम पार्सल आणायला स्टँडवर गेल्या. अकराच्या सुमाराला सचिव आले, बरोबर तपासणीवाले पाहुणे. मशीनचं टीं टीं चालू. पाहुण्यांनी विचारलं, हा आवाज कसला? आणि सचिवांना घाई झाली. कुणीतरी त्यांना कधीतरी सांगितलं होतं की लाल दिवा दिसेल ती डिस्क ओढून परत बसवली की आवाज थांबतो. मी म्हटलं, “साहेब, हात लावू नका, मॅडम येताहेत.” ते म्हणाले, “तू कॉलेजची कोण?” गजाकाका म्हणाले, “सायेब, कागद लावलाय तिथं.” सचिवांनी कागद ओढून काढला.

मग वाकून बघितलं. चारही डिस्कांवर कुंकू. गेलेल्या तिसऱ्या डिस्कच्या खऱ्या केशरी दिव्यावर कुंकवाचं जाड बोट, तो दिसेचना. दुसऱ्या डिस्कचा दिवा चांगला हिरवा, पण त्याच्यावरून पातळसा ओघळ आलेला, त्यातून तो लालसर दिसत होता. सचिवांनी दुसरी डिस्क ओढली, चालू मशीनमधून.

टीं टीं थांबलं. सगळंच थांबलं. कॉलेजभर संगणकांचे पडदे गोठले. दुसरी खांड गेली.

मॅडम अर्ध्या तासाने आल्या. हातात नव्या डिस्कचं खोकं होतं. त्यांनी ओढलेली डिस्क टेबलावर पाहिली, जमिनीवरचा कागद पाहिला. सचिव म्हणाले, “वासंतीबाई, हे तुमचं मशीन आहे. उत्तर तुम्हाला द्यायचंय.” दुपारी चारला उत्तर फलकावर लागलं, तेही सचिवांनीच लिहिलेलं. चौकशी म्हणून जे काही झालं त्यात वही उघडली नाही. ती सचिवांच्या कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं. मला तर कुणी बोलावलंच नाही. गजाकाकांना विचारलं, “हार मॅडमनी काढला ना?” ते “व्हय” म्हणाले. पुढचं विचारलंच नाही. त्यावरून कॉलेजात कुजबुज झाली की देवाचा हार काढला म्हणून मशीन बसलं! शिकलेल्या माणसांचं हे कॉलेज.

मी तिथल्या तिथे पत्रक लिहायला घेतलं. डोकं भणभणत होतं, गुरुवारी सुनावणी, आमचे सगळे कागद त्या मेलेल्या मशीनमध्ये. मूळ कागद लोकांना परत दिलेले, आणि त्यांतले कितीतरी वर्षभरात ओलीने, वाळवीने, घर बदलताना गेलेले. संध्याकाळी मॅडम आमच्या घरी आल्या. मी म्हटलं, मॅडम, सोडायचं नाही, उद्या दारात बसू!

“उद्या दिवेआगरला जाऊ,” त्या म्हणाल्या.

“आत्ता? दिवेआगरला?”

“अगं, वादळात माझ्या घराचं छप्पर गेलं, तेव्हा लग्नातला एकही फोटो उरला नाही. तेव्हापासून माझा नेम आहे. कॉलेज सोडून निघताना एक प्रत, आणि ती दुसऱ्या छपराखाली. नवमीआधी निघाले तेव्हाही काढली होती.”

बुधवारी सकाळी निघालो. एसटी, परत एसटी, आगरदांड्याला लाँच. सासूबाई पलंगावर उठून बसल्या होत्या. आम्ही दिसताच म्हणाल्या, “तांदळाचा डबा न्यायला आलीस ना? न्ये. त्या मेल्या डब्यापायी मी आठ दिवस पेठेतला तांदूळ विकत आणून खाते आहे.” पत्र्याच्या डब्यात, वाडीच्या तांदळात, प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली एक हार्ड डिस्क. तांदूळ ओल ओढून घेतो म्हणून तिथे. मॅडमनी ती काढण्याआधी दाराच्या लोखंडी कडीला हात लावला. घरात, स्वतःच्या स्वयंपाकघरात!

गुरुवारी सुनावणीत आमचे सगळे कागद टेबलावर होते. बयचं नाव वाचलं गेलं, तिच्या बापाचा दाखला वाचला गेला. बय उभी राहिली आणि बसायची विसरली. यादीत आमची नावं लागली. शनिवारी सचिवांनी पेढे वाटले, ‘संस्थेने जपलेल्या कागदपत्रांमुळे’ असं भाषण केलं. त्याच संध्याकाळी मॅडमना निरोप गेला. झालं गेलं विसरू, माफीनाम्यावर सही करा, सोमवारपासून कामावर या. छापील मजकूर पाठवला होता, खाली फक्त सहीची जागा.

रविवारी मी त्यांना भेटायला दिवेआगरला गेले. परतताना मी आणि मॅडम दिघीच्या धक्क्यावर उभ्या होतो तेव्हा त्यांनी तो कागद मला दाखवला. मी परतीच्या लाँचला निघाले होते, त्या सोडायला आल्या होत्या. खरं सांगते, मी म्हटलं, “मॅडम, करून टाका. बारा वर्षं आहेत. नोकरी आहे.” मी, मोर्चेवाली, हे म्हटलं. अजून जीभ चावते.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मेमरी उलटी बसवत होतीस तेव्हाही तू असाच जोर लावत होतीस. हा कागद बसत नाहीये, पत्रकबाई. बसत नाही म्हणजे उलटा आहे. जे मी केलं नाही ते मी लिहिणार नाही. एकदा वहीत खोटं लिहिलं की पुढे कुठलंच मशीन उघडायची माझी लायकी राहत नाही.”

सही न करता कागद घडी करून सचिवांना परत द्यायला माझ्याकडे दिला. मग डिस्कचं ते नवं, न उघडलेलं खोकं माझ्या हातात ठेवलं. “हे संस्थेचं आहे. सचिवांना दे आणि पोच घे.” लाँच सुटली. त्या धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला हात लावून उभ्या होत्या, आणि मी पलीकडे लागेपर्यंत हलल्या नाहीत.

आता त्या न्हावा शेव्याकडे एका मालवाहतूक कंपनीच्या गोदामात सर्व्हर सांभाळतात. तिथे मुलाखतीत मागच्या ठिकाणचं पत्र मागितलं, तेव्हा त्यांनी फोनमध्ये काढलेला नोटिशीचा फोटो समोर ठेवला. “हे माझं पत्र. आता मला एक मशीन द्या आणि बघत बसा.” त्यांना ठेवून घेतलं. पगारही जास्त आहे. पण खाडी लांब पडली, दर रविवारचं दिवेआगर महिन्यातून एकदावर आलं. आणि सासूबाई गेल्या तेव्हा कॉलेजातून एकही माणूस भेटायला गेला नाही, कारण नोटीस लागलेल्या बाईकडे कोण जाणार? एकटे गजाकाका गेले होते. दारात उभं राहून रडले म्हणे. “हार मी घातला होता वो मॅडम, मी बोललू नाय.” मॅडमनी त्यांना आत घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, “काका, हार घालण्यात पाप नाही. आता बोला, म्हणजे झालं.”

गजाकाका बोलायला तयार आहेत. मी तर आहेच. पण गजाकाका शिपाई आणि मी बाहेरची. आमचं ऐकायला ती संस्था बांधलेली नाही.

तुमचं ऐकायला बांधलेली आहे. खाडीकाठच्या घराघरात ह्या संस्थेच्या सभासदत्वाची पावती आहे. तुमच्या बापजाद्यांनी मीठ विकून, बोटी विकून ही संस्था उभी केली. आणि ज्या यादीत आज तुमचं नाव आहे ना, ते त्या तांदळाच्या डब्यातून आलेलं आहे. तेव्हा आता तुमच्याकडे एकच मागणं आहे, आणि ते दुसऱ्या कुणाकडे ढकलू नका.

संस्थेच्या आमसभेला या. इतिवृत्त वाचून झालं की उठून उभे राहा. सचिवांना म्हणा : थांबा. कपाट उघडा, लाल पाठीची वही बाहेर काढा, आणि कोजागिरीच्या दिवसाचं पान, खालच्या तुमच्या सहीसकट, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. वाचून झालं की फलकावरची ती नोटीस स्वतःच्या हाताने उतरवा, आणि त्याच जागी, तेवढ्याच कागदावर, खरं काय झालं ते लावा.

ते पान वाचलं जाईपर्यंत खाली बसू नका.